घोडे पाडायचं हत्यार

माझ्या धाकट्या दिरांनी निवृत्त झाल्या झाल्या पहिलं काम केलं ते म्हणजे हॉलमधलं काचेचं कपाट रिकामं केलं. त्यात माझ्या जावेने लग्नापासून जपलेले काचेचे हंस होते, आग्ऱ्याहून आणलेला ताजमहाल होता, मुलीला शाळेत मिळालेले कप होते. ते सगळं खोक्यात बांधून पलंगाखाली गेलं आणि कपाटात तलवारी आल्या.

दीर डोंबिवलीला राहतात, आम्ही ठाण्याला नौपाड्यात. ते एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तपासनीस होते. यंत्राचा सुटा भाग केसभर जाड निघाला तरी तो बाजूला काढायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. आता कारखान्यात मापं घ्यायची तीच व्हर्नियर पट्टी घेऊन ते तलवारी मोजायला लागले. मोजमाप इतकं अचूक की विचारू नका. बाकीचं मात्र सगळं मनाचं. हे पातं कोणत्या काळातलं, कोणी वापरलं, कोणावर चालवलं, याला कसलीच पट्टी लावायची नाही.

एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "वहिनी, मिळालं!"

"काय मिळालं, भावोजी?"

"घोडे पाडायचं हत्यार."

असं काही ते शोधत होते हेच मला माहीत नव्हतं. तरी मी आणि माझा नवरा दुपारी डोंबिवलीला गेलो. टीपॉयवर वर्तमानपत्र, आणि त्यावर ते ठेवलं होतं. हातभर लांब लोखंडी पातं. खालून निम्मं सरळ, मग एकदम वाकून कोयत्यासारखं पुढे आलेलं. पाठीकडून चोचीसारखा एक आकडा. बुडाला दांडा घालण्यासाठी नळी. विठ्ठलवाडीकडच्या एका भंगारवाल्याच्या ढिगात ते पंख्याच्या पात्यांखाली पडलं होतं म्हणे. दिरांनी घासूनपुसून, तेल लावून त्याला असं चमकवलं होतं की ते जुनं आहे हे आपण त्यांच्या शब्दावरच मानायचं.

"नारळ काढायचं असेल," मी म्हटलं.

स्वयंपाकघरातून जाऊ म्हणाली, "मीही तेच म्हटलं."

"तुम्ही दोघी ना..." दीर म्हणाले, आणि मग त्यांनी समजावून सांगितलं. शत्रूचं घोडदळ दौडत येतंय. आपला पायदळाचा गडी गवतात दबा धरून बसलाय. घोडा शेजारून गेला की हा आकडा मागच्या पायात अडकवायचा आणि ओढायचा. पात्याने टाचेवरची जाड शीर, धोंडशीर, तुटते. घोडा खाली, स्वार खाली, खेळ खलास. हे त्यांनी जेवणाच्या टेबलाच्या पायावर करूनही दाखवलं. टेबल जागचं हललं नाही, पण त्याच्या पायावर जो ओरखडा उठला तो अजून आहे.

"पण हे कशावरून?" मी विचारलं.

"आकारावरून कळतं."

त्यांचा एक गट आहे. सात-आठ निवृत्त माणसं दर शनिवारी एका वाचनालयाच्या माडीवर जमतात आणि आपापली हत्यारं एकमेकांना दाखवतात. मी एकदा जाऊन बसले होते. त्यांची पद्धत माझ्या लगेच लक्षात आली. ज्या हत्याराचा उपयोग कळत नाही ते सरळ असेल तर हत्तीसाठी आणि वाकडं असेल तर घोड्यासाठी. त्या हिशेबाने आपल्या पूर्वजांनी माणसाला कधी बोटही लावलं नाही, सगळा राग जनावरांवरच काढला. आणि हेही लक्षात आलं की त्या माडीवरच्या प्रत्येकाचा पूर्वज घोड्यावर तरी होता किंवा घोडा पाडत तरी होता. घोड्याला वैरण घालणारा, लीद काढणारा पूर्वज एकाच्याही वाट्याला आला नव्हता.

गटाने एका सोसायटीच्या सभागृहात प्रदर्शन भरवायचं ठरवलं. मी शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं म्हणून माहितीच्या पाट्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, 'हे शस्त्र घोडदळाविरुद्ध वापरले जात असावे.' दिरांनी 'असावे' खोडलं आणि 'जात असे' केलं. मी परत 'असावे' लिहिलं. मग फोनवर आमचं भांडण झालं.

"वहिनी, 'असावे' म्हटलं की लोक पुढच्या टेबलाकडे जातात."

"जाऊ देत. खोटं वाचून थांबण्यापेक्षा बरं."

"खोटं कसं? तुम्ही होता का तिथे?"

"तुम्ही होता?"

इथवर ठीक होतं. पण मग मी जे म्हटलं त्याने पुढचं सगळं घडलं. मी म्हटलं, "भावोजी, तुम्ही घोड्याचा पाय कधी जवळून पाहिलाय तरी का?"

ते म्हणाले, "माथेरानला." आणि दोन दिवसांनी त्यांनीच फोन करून जाहीर केलं की आता प्रात्यक्षिक होणार, त्याचं चित्रण होणार, आणि ते प्रदर्शनात पडद्यावर दाखवलं जाणार. त्यानंतर वहिनींनी हवं ते लिहावं.

घोडदळ कुठून आणायचं हा प्रश्न होता. कल्याण-डोंबिवलीत घोडं म्हणजे नवरदेवाची घोडी. चौकशी करत आम्ही विठ्ठलवाडी स्टेशनच्या मागे एका पत्र्याच्या शेडपाशी पोचलो. बाहेर जरीची झूल वाळत घातली होती. आत एक पांढरी घोडी गवत खात होती, आणि तिच्याशेजारी बादली उपडी घालून साठीचे एक गृहस्थ पेपर वाचत बसले होते. वडील कल्याण स्टेशनला टांगा चालवायचे, असं त्यांनी नंतर सांगितलं. त्यांनी स्वतः रेल्वेच्या कारशेडमध्ये नोकरी केली, पण घरातलं घोडं कधी जाऊ दिलं नाही. लग्नसराईत लग्नं, आणि एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुकीत त्यांचीच घोडी पुढे असते.

"वरात कुठनं कुठपर्यंत?" त्यांनी विचारलं.

"वरात नाही," दीर म्हणाले आणि त्यांनी सगळी योजना सांगितली. गवत, दबा, आकडा, धोंडशीर.

गृहस्थांनी पेपरची घडी केली. "म्हणजे माझ्या घोडीचा पाय कापायचा?"

"कापायचा नाही हो! कापल्यासारखं करायचं."

"लोखंड आणायचं नाही."

"नाही, नाही, पुठ्ठ्याचं करू."

"फटाके नाही. आणि तिला मीच धरणार, दुसरं कोणी नाही." मग ते जरा वेळ घोडीकडे बघत राहिले. "पळवायची म्हणता ना?"

"हो, दौड हवी."

"तर येतो. लग्नात सगळे मला सांगतात, हळू चालव, हळू चालव. पळव म्हणणारे तुम्ही पहिलेच आलात."

जागा टिटवाळ्याला ठरली. दिरांच्या ओळखीच्या कोणाची तिथे नव्या इमारतींच्या मागे मोकळी जमीन होती, आणि पुढची इमारत उठेपर्यंत तिथे गवत होतं. हिवाळ्यातली सकाळ. टेम्पोतून घोडी आली आणि फळीवरून स्वतःहून, सावकाश, खाली उतरली. आम्ही रिक्षातून उतरलो तेव्हा इतक्या शांतपणे कोणी उतरलं नव्हतं.

दिरांनी हत्याराची नक्कल फार सुरेख केली होती. आत पुठ्ठा आणि थर्माकोल, वरून पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद. दांडा म्हणून पडद्याची काठी. लांबीरुंदी अर्थात व्हर्नियरने तपासलेली. त्यांनी आपल्यासाठी प्लास्टिकची खुर्चीही आणली होती, कारण दिग्दर्शकाला खुर्ची लागते.

आता पायदळाचा गडी कोण, हा प्रश्न आला. तो गवतात उकिडवा बसायला हवा. दिरांना उकिडवं बसता येत नाही. दोन्ही गुडघे कामातून गेलेत, डॉक्टरांनी मांडी घालायलाही मनाई केली आहे. घोड्यांच्या पायांवर इतकं प्रेम असलेल्या माणसाच्या स्वतःच्या पायांची ही अवस्था. माझ्या नवऱ्याची मान धरलेली, शिवाय मोबाईल त्याच्याकडे. जाऊ आलीच नव्हती. ती म्हणाली होती, तुम्ही घोडं पाडून या, तोवर मी पलंगाखालची खोकी काढून हंस पुसते.

तेव्हा पायदळ म्हणजे मी. वय एकसष्ट, पंजाबी ड्रेस, कमरेला ओढणी, पायात फिरायला जायचे बूट.

"ताई, तुम्ही?" घोडीवाल्यांनी विचारलं.

"मीच."

त्यांनी माझ्या हातातलं ते चंदेरी प्रकरण घेतलं, उलटसुलट केलं. मग दिरांना म्हणाले, "साहेब, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा ना."

"घोडा समोरून येणार. ह्या ताई गवतात. मागचा पाय हाताला लागायला आधी पुढचे दोन पाय अंगावरून जायला पाहिजेत. बरोबर? मग आकडा लावायला ताई राहणार कुठे?"

"त्या बाजूला सरकतील."

"घोडापण बाजूलाच सरकतो, साहेब. आणि आकडा लागला समजा. घोडा पळतोय. ताईंच्या हातात काठी. कोण कोणाला ओढणार?"

दीर म्हणाले, "तेव्हाचे लोक ताकदवान होते."

"तेव्हाचे घोडेपण असतील की," गृहस्थ म्हणाले. "आणि अजून एक. लढाईत घोडं जिवंत हाताला लागलं तर ते कोणी सोडेल? माझा बाप सांगायचा, घरात शेवटी विकतात ते घोडं. त्याचा पाय तोडणारा एक तर फार श्रीमंत पाहिजे, नाहीतर फार घाबरलेला."

दिरांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मला फार मजा येत होती. गवतात बसेपर्यंत.

पहिल्या खेपेला गृहस्थ लगाम धरून घोडीबरोबर पळाले. पण ते लग्नातल्यासारखंच दिसत होतं, फक्त नवरा नसलेलं. दीर खुर्चीवरून ओरडले, "दौड नाही ही! स्वार हवा!"

गृहस्थ थांबले. त्यांना धाप लागली होती. त्यांनी घोडीच्या मानेवर हात ठेवला आणि जरा लाजत विचारलं, "मी बसू?"

"तुम्हाला येतं?" दीर म्हणाले. हा प्रश्न आठवून मला अजून शरम वाटते. त्यांच्यापेक्षा माझी जास्त, कारण माझ्याही मनात तोच आला होता. हा माणूस आयुष्यभर घोड्याच्या पुढे चालला, त्यामुळे तो वर बसू शकतो हे आम्हाला सुचलंच नव्हतं.

त्यांनी चपला काढल्या. खोगीर नव्हतंच. आयाळीला धरलं, आणि साठीचा तो माणूस एका झोकात वर. मग ताठ बसले. मैदानाच्या टोकाला गेले, घोडी वळवली, आणि आली ती.

मला कोणी विचारलं तर मी सांगते, घोडा आधी डोळ्यांना दिसत नाही, तो आधी बुडाखालच्या जमिनीत कळतो. मग नाकपुड्यांचा आवाज. मग ती छाती. वरातीत जिच्या गळ्यातला झेंडू लहान मुलं ओढतात ती हीच घोडी, हे मला पटेना. वरचा माणूस काहीतरी हळूच म्हणत होता, मला नाही, तिला. दोघांनाही आमची काही गरज नव्हती. मी किती तरी पाट्यांवर 'घोडदळ' हा शब्द लिहिला होता. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला.

"वहिनी, आकडा! आकडा!" दीर ओरडत होते.

मी दबा, आकडा, शीर, सगळं विसरले. तोंड वाचवायला मी ती काठी दोन्ही हातांनी वर धरली, उन्हात छत्री धरावी तशी. आणि ऊन नेमकं त्या चंदेरी कागदावर पडलं. लखकन काहीतरी चमकलं. घोडीने कान मागे टाकले, चारही पायांवर एकदम बाजूला उडी घेतली आणि वळली ती थेट दिग्दर्शकाकडे.

डॉक्टरांनी मांडी घालायला मनाई केलेले माझे दीर खुर्ची सोडून पळाले. त्या वेगाने मी त्यांना त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. गवत ओलांडलं, वाळूचा ढीग चढले, आणि त्याच्या माथ्यावर जाऊन उभे राहिले. खुर्चीवरून घोडी गेली तेव्हा जो आवाज झाला त्यावरून मला प्लास्टिकच्या खुर्चीबद्दल बरंच काही कळलं. वरचा माणूस मात्र जागचा हलला नाही. दहा पावलांवर त्याने तिला थांबवलं, उतरला, आणि आधी तिचे चारही पाय खालपर्यंत हात फिरवून तपासले. मग आमच्याकडे आला.

"ताई, लागलं का?"

"नाही हो. ती का बिचकली? बँडला, फटाक्यांना तर घाबरत नसेल."

"बँड तिच्या सवयीचा आहे. हे चमकलं ते सवयीचं नाही." मग त्यांनी ढिगावर पाहिलं. "साहेब, या खाली. ती काय करत नाही."

दीर खाली आले ते वाळूने भरलेले, दोन्ही गुडघे धरून, आणि चेहरा उजळलेला. मला वाटलं बसल्या धक्क्याने काही झालं की काय. ते म्हणाले, "सिद्ध झालं!"

"काय सिद्ध झालं?"

"घोडा वळला ना? शस्त्राने घोडा वळला! हे पाडायचं नव्हतंच, वहिनी. हे बिचकवायचं होतं. म्हणून तर इतकं रुंद पातं!"

मी म्हटलं, "भावोजी, घोडीला पोळ्यांच्या कागदाने वळवलं." पण ते ऐकायच्या पलीकडे गेले होते. घरी परत जाताना रिक्षात त्यांनी नवा सिद्धांत पूर्ण केला. पायदळाची रांग, सगळ्यांच्या हातात घासून लखलखीत केलेली पाती, सूर्य पाठीशी नव्हे, समोर. माझ्या नवऱ्याने घाबरून मोबाईल खाली केला होता, त्यामुळे चित्रणात फक्त गवत, माझी किंकाळी आणि खुर्चीचा आवाज आला. प्रदर्शनात पडद्यावर काहीच दाखवायचं नाही असं ठरलं. 'तांत्रिक कारणाने' असं दिरांनी गटाला सांगितलं.

प्रदर्शन भरलं. बरीच गर्दी झाली. त्या वाकड्या हत्यारापुढे लोक उभे राहून फोटो काढत होते. बहुतेक जण पाटी न वाचताच एकमेकांना सांगत होते की हे नक्की घोड्यासाठी असणार. म्हणजे दिरांची आणि माझी सगळी भांडणं वाया गेली होती. एक आजी मात्र थांबून मला म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यांकडे असंच होतं, ताडाच्या झावळ्या कापायला." मी त्यांना दिरांकडे पाठवलं. दीर त्यांना म्हणाले, "लढाया संपल्यावर ताडासाठी वापरत असतील." ह्या माणसापुढे कुठलाही पुरावा टिकत नाही. आजीही शेवटी मान डोलवत गेल्या. सासरे एकदम लढवय्ये ठरले, तर त्यांना तरी वाईट का वाटावं?

दुपारी घोडीवाले आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मी बोलावलं होतं, पण ते येतील असं वाटलं नव्हतं. ते प्रत्येक टेबलापाशी हात मागे बांधून, शाळेतल्या मुलासारखे, पाट्या वाचत फिरले. शेवटच्या टेबलावर गटातल्या कोणाचा तरी एक जुना लगाम मांडला होता. घोड्याच्या तोंडात बसणारी त्याची कडी लोखंडी होती आणि तिला चारही बाजूंनी काटे होते. पाटीवर लिहिलं होतं, 'नक्षीदार लगाम.' पाटी माझ्याच अक्षरात. मला दिलेल्या यादीतून मी ती तशीच उतरवली होती. 'असावे'साठी इतकं भांडणारी मी, ह्या दोन शब्दांवर क्षणभरही थांबले नव्हते.

"ताई, ही नक्षी नाही," ते म्हणाले.

"मग?"

त्यांनी विचारून तो उचलला. "हे जिभेवर बसतं. लगाम ओढला की काटे टाळूत जातात. मग घोडा वाटेल तिथे वळतो. माझा बाप आधी दुसऱ्याचा टांगा हाकायचा, त्या मालकाने त्याला असला एक दिलेला. बापाने तो खाडीत टाकला आणि हरवला म्हणून सांगितलं. मालकाने दोन कानाखाली दिल्या. पण घोड्याच्या तोंडातनं रक्त येणं बंद झालं."

दीर शेजारी येऊन उभे होते. मी वाट पाहत होते की ते आता एखादा सिद्धांत मांडतील. त्यांनी नुसतं विचारलं, "दाखवाल, कसा बसतो ते?"

गृहस्थांनी तो लगाम आपल्या बोटांवर लावून दाखवला, एका हाताने हळूच ओढला. काटे बोटांत रुतले. दिरांनी बघितलं, त्यांचा हात हातात घेतला, आणि खिशातली पट्टी काढली नाही. मग त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं आणि पाटीवरचं 'नक्षीदार' स्वतः खोडून 'काटेरी' केलं. अक्षर गिचमिड आहे त्यांचं, पण वाचता येत होतं.

"घोड्यावरचं खरं हत्यार हेच म्हणायचं," मी म्हटलं. "आणि ते वर बसलेल्याच्याच हातात."

दीर म्हणाले, "वहिनी, भाषण नको." बरोबरच होतं त्यांचं.

संध्याकाळपर्यंत मी त्या टेबलाशी बसले. तिथे थांबणारे अगदी थोडे. लोक पाटी वाचायचे, तोंड वाकडं करायचे आणि परत त्या चकचकीत पात्यापाशी फोटोला जायचे. घोडीवाल्यांना दिरांनी चहा दिला, गटातल्या सगळ्यांशी ओळख करून दिली. कोणीतरी त्यांना विचारलं, "तुमचे पूर्वज पागेत होते का?" ते म्हणाले, "पूर्वजांचं माहीत नाही. मी आहे." मग घड्याळ बघून उठले. कल्याणला सहा वाजता वरात होती, आणि नवरदेव, मुलीच्या मामाने आधीच फोन करून सांगून ठेवलं होतं, चांगलाच वजनदार होता.